चिमटा लावला की क्रियापद वळतं: वाक्याचं व्याकरण खेळातून शिकवायची पद्धत

"टीचर, मी वही आणलो नाही."

आमच्या चौथीच्या वर्गात हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी ऐकू येतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी प्रत्येक वेळी "आणलो नाही नव्हे रे, आणली नाही" असं सांगत बसायचे. पोरगं मान हलवायचं, "हां टीचर" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी परत "डबा विसरलो, वही आणलो नाही". आता यातलं पहिलं बरोबर आणि दुसरं चूक, हे त्या दहा वर्षांच्या पोराला कसं समजावणार? कर्तरी, कर्मणी असं फळ्यावर लिहिलं तर पोरं पाठ करतात, परीक्षेत गाळलेल्या जागा भरतात आणि मैदानात जाऊन "मी सिक्स मारलो" म्हणून ओरडतात.

मी बेळगावजवळच्या एका खेड्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. सीमाभागातल्या मास्तरांना वर्ग कसा असतो ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. एका बेंचवर घरी मराठी बोलणारं पोर, शेजारी घरी कन्नड बोलणारं, त्याच्या पलीकडं आईशी मराठी आणि वडलांकडच्या माणसांशी कन्नड बोलणारं. मराठी सगळ्यांना येते, फाडफाड येते, "काय करुलैस" पासून सगळं चालतं. गडबड होते ती वाक्याच्या शेवटाला, क्रियापदाच्या शेपटीला. माझं मत असं की प्राथमिकला व्याकरण शिकवायचं म्हणजे ही शेपटी शिकवायची, नाम-सर्वनाम-विशेषणाच्या व्याख्या नंतर आल्या तरी काही बिघडत नाही. आणि दुसरं म्हणजे चूक खेळानं दाखवायची, टीचरनं नाही. मी टोकलं की पोरगं गप्प बसतं, खेळात चुकलं की परत पळतं.

आधी पोरं असं का बोलतात ते बघू

कन्नडमध्ये "नानु रोट्टि तिंदे", "अवनु रोट्टि तिंद", "अवळु रोट्टि तिंदळु". रोट्टि तीच, खाणारा बदलला की क्रियापदाची शेपटी बदलते. मराठीत भूतकाळ आला की उलटं. "मी भाकरी खाल्ली, त्यानं भाकरी खाल्ली, तिनं भाकरी खाल्ली", खाणारा कोणीही असू दे, शेपटी भाकरीची. भाकरीच्या जागी भात आला तर खाल्ला, केळं आलं तर खाल्लं. आता जिथं दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच कट्ट्यावर बसतात तिथं "मी भाकरी खाल्लो" होणारच की. हे फक्त कन्नड घरातल्या पोरांचं असतं असंही नाही, पक्क्या मराठी घरातले आजोबापण असंच बोलतात, सोलापूरकडंही असंच ऐकाल.

म्हणून वर्गात मी याला "चूक" म्हणत नाही. फळ्याच्या एका बाजूला "घरची मराठी", दुसऱ्या बाजूला "पुस्तकाची मराठी" असे दोन कप्पे कायमचे आखून ठेवलेत. हे मी उगीच करत नाही. एका वर्षी एका पोरानं जेवताना आजोबांना सगळ्यांसमोर "आज्जा, तुझी मराठी चुकीची हाय, टीचरनी सांगितल्या" असं ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. रागावली नव्हती, पण तिचा चेहरा बघून मला लाज वाटली. तेव्हापासून हे दोन कप्पे.

दुसरी अडचण लिंगाची. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच खात्यात, वही असो की दगड, "अदु". मराठीत दगड तो, वही ती, पुस्तक ते, आणि का ते विचारू नका, कारण सांगता येत नाही, कानाला सवय व्हावी लागते. भाकरी "ती" हे डोक्यात बसलं नसेल तर "खाल्ली" कुठून येणार? म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी तो-ती-ते, मग शब्दांचा क्रम, मग शेपटी, बाकीचं नंतर. मी हा क्रम सोडून थेट शेपटीवर उडी मारली होती, महिना वाया गेला.

सामान काय लागतं

फार काही नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे दोन रंगांत, एकेक डझन. जुन्या लग्नपत्रिका, मे महिना संपला की प्रत्येक घरात ढीग असतो, त्यांची मागची कोरी बाजू म्हणजे आयती कार्डं, जाड असतात, पोरांच्या घामट हातातही टिकतात. गळ्यात अडकवायला सुतळी, भरपूर खडू, फुटक्या कौलाचे तुकडे. चार्ट पेपर पाहिजेतच तर गणपत गल्लीत आणि खडेबाजारात मिळतात, पण पहिल्याच दिवशी चारशे रुपयांचे चार्ट आणून वर्ग सजवायची गरज नाही, मी केलंय ते, पावसाळ्याच्या ओलीनं ऑगस्टपर्यंत सगळे गळून पडतात.

पहिला खेळ: तीन वर्तुळं

वऱ्हांड्यात खडूनं तीन मोठी वर्तुळं काढायची, आत तो, ती, ते लिहायचं. पोरं मधे उभी.

१. दप्तरातली नाहीतर स्वयंपाकघरातली एक वस्तू उंच धरायची, नाव घ्यायचं नाही, नुसती दाखवायची.

२. तीन मोजायचे आणि टाळी. पोरं आपल्याला वाटेल त्या वर्तुळात पळतात.

३. प्रत्येक वर्तुळातल्या सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं: "माझा डबा!" "माझी डबा!" "माझं डबा!" तिन्ही ऐकल्यावर बहुतेक पोरं स्वतःच हसतात आणि चुकलेली आपोआप सरकतात. हे सगळ्यात महत्त्वाचं. मी "चूक" म्हणायच्या आधी त्यांच्या कानाला खटकलं पाहिजे.

४. तरीही चुकीच्या वर्तुळात राहिलेल्यांना आऊट करायचं नाही. बऱ्याच पुस्तकी खेळांत चुकला की बस खाली असं असतं, म्हणजे ज्याला सरावाची गरज तोच भिंतीला टेकून बसणार आणि ज्याला येतं तोच खेळत राहणार, कसला उपयोग? आमच्याकडं चुकलेला बरोबर वर्तुळात जातो, "माझा डबा, तुझा डबा" असं दोनदा म्हणतो आणि पुढची वस्तू तो निवडतो.

एका वेळी बारा-पंधरा वस्तू, जास्त नको. खडू, पेरू, लाडू, कुंदा, डबा (तो), पट्टी, वही, चिंच, आमटी, सायकल (ती), दप्तर, झाड, दूध, केळं, टेबल (ते) अशी मिसळ करायची. कुंदा म्हटला की बेळगावच्या पोरांचं लिंग कधी चुकत नाही, तोंडाला पाणी सुटलेलं असतं ना.

पेनवर मात्र दरवर्षी मारामारी होते, अर्धा वर्ग "तो पेन", अर्धा "ते पेन". आणि यात पोरांची चूक नाही, मोठी माणसंही दोन्ही म्हणतात. तसंच बाग आणि वेळ हे शब्द मराठीत दोन लिंगांत चालतात. म्हणून आम्ही चौथं छोटं वर्तुळ काढलंय, पोरांनीच नाव ठेवलं "भांडण". जिथं एकमत होत नाही ती वस्तू भांडणात. आता तर पोरं घरून भांडणाचे शब्द शोधून आणतात.

आठवडाभर हे जमलं की विशेषण जोडायचं. मोठा डबा, मोठी वही, मोठं पुस्तक. मग मधेच "लाल" म्हणायचं. लाल डबा, लाल वही, लाल पुस्तक, शब्द बदलतच नाही! अशा वेळी पोरांनी आहे तिथं पुतळा व्हायचं, पळायचं नाही. मोठा, काळा, गोडसारख्या शब्दांची यादी द्या आणि त्यांनाच शोधू द्या की पळवणारे शब्द कुठले आणि पुतळ्याचे कुठले. थोड्या वेळानं कोणीतरी सांगतंच की टीचर, ज्याच्या शेवटाला "आ" येतो तोच पळवतो, "गोड" पळवत नाही.

अनेकवचन तिसऱ्या आठवड्याच्या आधी आणू नका. कारण "माझी वही" आणि "माझी पुस्तकं", दोन्हीकडं "माझी". पोरं वैतागतात. आधी माझे डबे, माझ्या वह्या पक्कं करायचं आणि पुस्तकं सगळ्यात शेवटी.

दुसरा खेळ: आगगाडी

हा सोपा, दोन-तीन तासिकांत होतो. सहा पोरांच्या गळ्यात एकेक कार्ड: आज्जी, उद्या, सकाळी, बसनं, बेळगावला, जाणार. "आज्जी" इंजिन, "जाणार" म्हणजे शेवटचा गार्डाचा डबा. गाडी वर्गात फिरते, शिट्टी वाजली की मधल्या डब्यांनी जागा बदलायच्या आणि सगळ्यांनी वाक्य वाचायचं. "आज्जी बेळगावला उद्या सकाळी बसनं जाणार", चालतं. "उद्या सकाळी आज्जी बसनं बेळगावला जाणार", इंजिन मधे आलं तरी चालतं. म्हणजे मराठीत डबे बरेच हलवता येतात, गार्ड मात्र शेवटी. बोलताना "गेली बघ आज्जी" असं आपण म्हणतो, पोरांनी ते काढलं तर शाबासकी द्या आणि "घरची मराठी" च्या कप्प्यात लिहा.

एक गोष्ट इथं नीट दाखवायची. काही डबे एकमेकांना जोडलेलेच असतात, "उद्या सकाळी" हे दोघं हात धरून फिरणार, "शाळेच्या मागं" हे दोघं हात धरून. हात सोडले की "शाळेच्या आज्जी मागं" असलं काहीतरी होतं आणि वर्ग पोट धरून हसतो. शब्दांचे गट पाडणं पुढं लेखनात फार उपयोगी पडतं, स्वल्पविराम कुठं द्यायचा तेही यातूनच कळतं.

"जात आहे", "गेला होता" असली जोड क्रियापदं आली की मी कॅसलरॉकच्या घाटाचं उदाहरण देते. तिथं चढाला गाडीच्या मागूनही जादा इंजिन लावतात, खानापूर-लोंडा भागातल्या पोरांना हे माहीत असतं. "आहे", "होता", "असेल" ही मागची जादा इंजिनं. तेवढं पुरे.

या खेळात कन्नड घरातली पोरं पहिल्याच दिवशी जिंकतात, कारण कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच येतं. हे वर्गात मोठ्यानं सांगा. नेहमी मराठीच्या तासाला मागं पडणाऱ्या पोराला "तुझ्या भाषेत हे आधीपासूनच आहे" असं ऐकलं की त्याची मान जरा वर होते. इंग्रजीत मात्र गार्ड मधेच येऊन बसतो, ते इंग्रजीच्या तासाला बघू म्हणायचं.

तिसरा खेळ: चिमटा

आता मुख्य. यावर मी दीड-दोन महिने देते, रोज दहा-बारा मिनिटं, आणि घाई करत नाही.

तीन पोरं पुढं बोलवायची. एक "करणारा", एकाच्या हातात वस्तूचं कार्ड (याला आम्ही "ताट" म्हणतो, वस्तू कसलीही असो) आणि एक "क्रियापद". तिघांनी त्रिकोणात उभं राहायचं, उजवीकडं करणारा, डावीकडं ताट, मधे जरा मागं क्रियापद. पहिल्यांदा मी तिघांना सरळ रांगेत उभं केलेलं, क्रियापद कुणाकडं तोंड करून आहे तेच कळेना, म्हणून त्रिकोण.

लाल चिमटा म्हणजे "नं", निळा चिमटा म्हणजे "ला". नियम तीनच.

चिमटा नाही: क्रियापद करणाऱ्याकडं तोंड करतं. "राजू वही आणतो." राजूच्या जागी सुमन आली, "सुमन वही आणते." शेपटी करणाऱ्याप्रमाणं.

करणाऱ्याला लाल चिमटा: क्रियापदाला आता त्याच्याकडं बघता येत नाही, ते गर्रकन वळून ताटाकडं बघतं. "राजूनं वही आणली." "सुमननं वही आणली." ताट बदला: "राजूनं डबा आणला", "राजूनं दप्तर आणलं".

ताटालाही निळा चिमटा: आता दोघांकडंही बघता येत नाही, क्रियापद डोळे मिटतं आणि "लं" म्हणतं. "राजूनं बैलाला बांधलं." "राजूनं गाईला बांधलं." बैल असो, गाय असो, शेवटी "लं" च.

बस, एवढंच. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग झाले, आणि नावं मी सहावीपर्यंत सांगत नाही. वरच्या वर्गातले सर म्हणतात की प्रयोग शिकवताना पोरं आपोआप हात वर करून "सर, डोळे मिटलेलं वाक्य" म्हणून सांगतात, त्यांना त्याचा काय त्रास होतो तो होऊ दे.

क्रियापदं निवडताना काळजी घ्या. पहिले दोन आठवडे आण, वाच, तोड, फोड, बांध अशी सरळ क्रियापदंच, नुसतं ला-ली-लं लावलं की झालं. खा-खाल्ला, कर-केला, घे-घेतला, दे-दिला, धू-धुतला ही रूप बदलणारी नंतर, नाहीतर पोराला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि चुकलं कुठं ते तुम्हालाही कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात अनेकवचनाची ताटं: दोन डबे आणले, दोन वह्या आणल्या, दोन पुस्तकं आणली. इथं पहिल्या खेळातली "माझे, माझ्या, माझी" कामाला येते, दोन्हीचा सूर तोच आहे, पोरांना गाण्यासारखं म्हणायला लावा.

मग येतो अदृश्य चिमटा, म्हणजे आपली "मी वही आणलो" ची गाठ. "राजूनं" मध्ये चिमटा दिसतो, पण "मी", "तू", "आम्ही", "तुम्ही" यांना "नं" लागलेला दिसतच नाही, आणि तरी क्रियापद ताटाकडंच वळतं. मी वही आणली, मी डबा आणला. पोरांना सांगायचं, मी आणि तू यांचा चिमटा लपलेला असतो. तो दाखवायला "मी" म्हणताना प्रत्येकानं दोन बोटांनी स्वतःची कॉलर चिमटीत धरायची. हे मला एका मुलानंच सुचवलं, त्या दिवशी चिमटे कमी पडले होते आणि त्यानं बोटंच लावली. ही खूण सोन्यासारखी निघाली, कारण चिमटे वर्गात राहतात, बोटं सगळीकडं बरोबर जातात.

"तू" ला शेवटी एक "स" जास्तीचा चिकटतो, आणलास, आणलीस, आणलंस, तो बोलण्यात पोरांचा बहुतेक बरोबरच येतो, त्यावर वेळ घालवू नका.

मुलींच्या बाबतीत एक गोम आहे, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. मुलगा "मी भाकरी खाल्लो" म्हणतो ते लगेच कानाला लागतं. मुलगी म्हणते "मी भाकरी खाल्ले". आणि तिनं "मी केळे खाल्ले" म्हटलं की ते पुस्तकाप्रमाणं अगदी बरोबर! ते केळे, म्हणून खाल्ले. पण तिनं ते केळ्याकडं बघून म्हटलं की स्वतःकडं बघून, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मुलींना तपासताना ताट नेहमी "तो" नाहीतर "ती" वालं द्यायचं, "मी भात खाल्ला" आलं तरच जमलं समजायचं.

आता पहिल्या ओळीतला "डबा विसरलो". काही क्रियापदं हट्टी असतात, त्यांना चिमटा लागतच नाही, भूतकाळ असो, ताट समोर असो, ती करणाऱ्याकडंच बघत राहतात. विसरणे, शिकणे, पिणे, जेवणे, बोलणे. "राजू डबा विसरला", "सुमन धडा शिकली", "मी पाणी प्यायलो", "राजू खरं बोलला". यांची "हट्टी मंडळी" म्हणून यादी भिंतीवर लावा आणि पोरांना भर घालू द्या. खेळताना क्रियापद झालेल्या पोरानं हट्टी कार्ड मिळालं तर हाताची घडी घालून उभं राहायचं, कोणी लाल चिमटा घेऊन आलं की मान हलवायची. नाटकी पोरांना हे काम द्या, वर्ग जिवंत होतो. हट्टी मंडळी मात्र चिमट्याचा नियम पक्का झाल्यावरच, निदान महिन्यानंतर. मी एकदा दोन्ही एकत्र घेतलं तर पोरं "मी वही विसरली" असं म्हणायला लागली, म्हणजे होतं ते बरोबर वाक्यही मी बिघडवलं.

चौथा खेळ: वाक्याची लगोरी

शुक्रवारी शेवटच्या तासाला, मैदानात. लगोरीच्या सात चकत्या आणि सात शब्दांचं वाक्य. आमच्या शाळेत काल एका माकडानं डबा पळवला. प्रत्येक चकतीवर एक शब्द. एक संघ चेंडू मारून पाडणार, मग चेंडूचा मार चुकवत ती परत रचायची, पण खालून वर वाक्य बरोबर आलं तरच लगोरी लागली. नुसत्या रचल्या आणि "एका माकडानं" "डबा" च्या वर बसलं तर समोरचा संघ वाचून दाखवणार, आणि मग भांडण: "डबा एका माकडानं पळवला" हेही चालतंय की टीचर! चालतं. दिला पॉइंट.

याच्यासाठी मी आधी मोठ्या हौसेनं वडगावच्या यंत्रमागवाल्यांकडून सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणले होते, प्रत्येकावर छान अक्षरात शब्द चिकटवले. कोन एकमेकांत घुसून बसतात हे लक्षातच आलं नाही. शब्द झाकले गेले आणि चेंडू लागला की सगळी लगोरी एका तुकड्यात आडवी. पोरांनी माझ्याकडं दयेनं बघितलं आणि शाळेच्या मागून फुटक्या कौलाचे तुकडे आणले. त्यावर खडूनं शब्द लिहायचा, खेळ झाला की पुसायचा. तुकड्यांच्या कडा आधी दगडावर घासून घ्या, हात कापतात.

मामाचं पत्र आणि पावसाची सुट्टी

प्रश्नार्थक वाक्यांसाठी "मामाचं पत्र हरवलं" पुरेसं आहे. रुमालाऐवजी खरंच चिठ्ठी टाकायची, आत एक वाक्य. ज्याच्या मागं पडली त्यानं पकडापकडी झाल्यावर त्या वाक्यावर प्रश्न विचारायचा: कोण, काय, कुठं, कधी, कशानं. यात एकच ठिकाणी कान उघडे ठेवा, "भाकरी कोण खाल्ला?" असं आलं की समजा चिमटा अजून ढिला आहे. "कोणी खाल्ली?" आलं पाहिजे, "कोणी" म्हणजे चिमटा लागलेला "कोण". आणि "का" हा प्रश्न मुद्दाम विचारायला लावा, त्याच्या उत्तरातून पुढचा खेळ निघतो.

वाक्य जोडायचा खेळ जुलैत छान होतो, बाहेर पाऊस धो धो आणि मैदानात जाता येत नाही तेव्हा. दोन पोरं दोन वाक्यं धरून उभी, "पाऊस पडला", "शाळेला सुट्टी मिळाली". मधे तिसरं पोर येऊन दोघांचे हात धरतं आणि स्वतःचा शब्द म्हणतं: म्हणून, पण, कारण, आणि, तरी. "पाऊस पडला म्हणून शाळेला सुट्टी मिळाली." "पाऊस पडला तरी शाळेला सुट्टी मिळाली नाही", यावर उसासे. "कारण" आलं की वाक्यांना जागा बदलावी लागते, ते पोरांना स्वतःच शोधू द्या. बाकी पूर्णविराम-प्रश्नचिन्हासाठी टाळ्या-चुटक्या वगैरे करतात लोक, मला त्याचा फार उपयोग दिसला नाही, वाचताना आवाज कुठं थांबतो ते ऐकलं की पोरं लिहितात.

वही नाही तर काही नाही

खेळ बारा मिनिटं, त्यानंतर लगेच, घाम वाळायच्या आत, पाच मिनिटं वही. तीनच वाक्यं लिहायची, खेळात स्वतः म्हटलेली. क्रियापदाच्या शेपटीखाली रेघ आणि ती ज्याच्याकडं बघते त्या शब्दाकडं बाण. डोळे मिटलेलं वाक्य असेल तर बाणाऐवजी दोन मिटलेले डोळे. हे बाण तपासले की कुठलं पोर कुठं अडकलंय ते दिसतं, वेगळी चाचणी लागत नाही. ज्या वर्षी मी नुसते खेळ घेतले आणि वहीचा कंटाळा केला त्या वर्षी पोरं खेळात पटाईत आणि निबंधात तीच रड.

आवाज होतो, लपवून काय सांगू. शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्या आणि शक्यतो जेवणानंतरचा तास घ्या, अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या सरकारी जेवणाचा, भात-सांबार खाऊन पोरं पेंगत असतात, तेव्हा बसून व्याकरण शिकवणं तसंही अशक्य. दोन वर्ग एकत्र असतील तर मोठ्यांना पंच करा. सीआरपी, म्हणजे शाळा बघायला येणारे क्लस्टरचे साहेब, आले आणि "हे काय चाललंय" म्हणाले तर नली-कलीचं नाव घ्या. खेळत-करत शिकायची ही पद्धत मैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ ला सुरू झाली आणि कर्नाटकातल्या सरकारी शाळांत खालच्या वर्गांना चालते, म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही आहोत. बाणांच्या वह्या पुढं ठेवा, साहेब लोकांना कागद दिसला की समाधान होतं.

वर्गात जमलं ते मैदानात जमलंय का, हे बघायला मधल्या सुट्टीत नुसतं कठड्यावर बसायचं, हातात काहीतरी काम घेऊन, ऐकत नाही असं दाखवत. गेल्या डिसेंबरात असंच बसले होते. एका पोरानं चेंडू कंपाउंडबाहेर मारला, बॅट टाकली, दोन बोटांनी कॉलर धरली आणि ओरडला, "मी सिक्स..." आणि तिथंच अडकला. सगळी टीम बघायला लागली. मग ते पोर धावत माझ्याकडं आलं.

"टीचर, सिक्स तो का ती?"

भांडणाच्या वर्तुळात टाकलाय. अजून एकमत नाही.